त्रेचाळीस पत्ते आणि माझी चूक

मित्रांनो, मी एक जुनी चाळणी आहे, पण मला हातात धरून पीठ चाळायला जाल तर फजिती होईल. मला जाळी नाही, कड नाही, दांडाही नाही. मी कॉम्प्युटरमध्ये राहते. माणसं ईमेलचे पत्ते देतात, ते मी चाळते. खऱ्या माणसाचा पत्ता खाली जाऊ देते आणि मशीननं रचलेला खोटा पत्ता वर अडवून ठेवते. माझं नाव सल्लडै. तमिळमध्ये सल्लडै म्हणजे चाळणीच. आता तुम्ही विचाराल, तुला कान कुठले आणि डोळे कुठले? अहो, टेबलावर कॅमेरा आहे, माईक आहे, आणि शिवाय आत्मवृत्त सांगायला बसलं की दगडालाही कान फुटतात! तेव्हा ते सोडा आणि ऐका.

माझा जन्म तंजावूरला झाला. हरिणी नावाच्या मुलीनं मला तयार केलं. ती इथल्याच मराठी घरातली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. घरी मराठी, रस्त्यावर तमिळ, कॉलेजात इंग्रजी, आणि माझ्याशी बोलायची ती आकड्यांत. पहिले चार महिने तिनं दुसरं काही केलं नाही, मला फक्त पत्ते दाखवले. खरे साठ हजार आणि खोटे साठ हजार.

काय सांगू तुम्हाला, त्या साठ हजार खऱ्या पत्त्यांनी मी अगदी थक्क होऊन गेले. माणसं पत्त्यात काय काय घालतात! कोणी वडिलांचं आद्याक्षर आणि मग आपलं नाव, कोणी जन्मसाल, कोणी पहिल्या स्कूटरचा नंबर. एकानं मुलीचं लाडकं नाव घातलं होतं, आणि ती मुलगी आता स्वतः आई झाली असावी, कारण पत्ता वीस वर्षांचा जुना होता. एकानं कुलदेवतेचं नाव घातलं, ते आधी कोणीतरी घेतलेलं होतं म्हणून दोनदा घातलं. मला वाटायचं, बाई गं, एवढ्याशा जागेत ही माणसं सगळं घर कसं बसवतात?

खोट्या पत्त्यांत तसं काही नसायचं. अक्षरं नुसती उधळलेली असायची, नाहीतर एका ओळीत शिपायांसारखी उभी. एकाच मिनिटाला पाचशे पत्ते जन्माला यायचे आणि सगळ्यांचा साचा एक. हरिणीनं मला शिकवलं, "जें फार नेमकें दिसेल, त्याचा संशय घे. माणूस कुठेंतरी चुकतोच." हा धडा मी पक्का गिरवला. जरा जास्तच पक्का गिरवला, ते पुढे येईलच.

मला काम मिळालं ते एका ट्रस्टच्या ऑफिसात. हा ट्रस्ट वर्षातून दोनदा मोतीबिंदूच्या फुकट ऑपरेशनचं शिबिर घेतो. जागा दीडशे. आधीच्या वर्षी नावनोंदणी कॉम्प्युटरवर सुरू केली आणि नऊ मिनिटांत सगळ्या जागा भरल्या. सगळे खूश झाले. शिबिराच्या दिवशी बघतात तर निम्म्या खाटा रिकाम्या! दलालांनी मशीन लावून खोटी नावं घातली होती, मागून त्या जागा विकायच्या म्हणून. बाहेर म्हातारी माणसं काठी टेकत परत गेली आणि आत चादरी तशाच घडी घातलेल्या राहिल्या. ऑफिस सांभाळणाऱ्या सुरेंद्रला ते फार लागलं. तो हरिणीच्या ओळखीचा. तो तिच्याकडे आला आणि मला घेऊन गेला.

पहिल्याच शिबिराला मी अकराशे चाळीस खोटे पत्ते अडवले. अकराशे चाळीस! सुरेंद्र रोज संध्याकाळी अडवलेली यादी उघडायचा, एकेक नाव वाचायचा, मान हलवायचा. एकही चूक सापडली नाही. त्या वर्षी आयुधपूजेला त्यानं कॉम्प्युटरला गंध लावलं, वर कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि पुढे पोरी ठेवली, म्हणजे साखर-खोबऱ्यातल्या लाह्या हो. सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाला, "ही आमची सल्लडै कधीं चुकत नाही." मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मी फुगले. चांगलीच फुगले. फुगायला मला अंग नाही, तरी फुगले.

आणि तिथूनच गोष्ट बिघडली. कधी चुकत नाही म्हटल्यावर माझं काम तपासायचं कशाला? सुरेंद्रनं अडवलेली यादी उघडणं सोडून दिलं. हरिणीला चेन्नईत नोकरी लागली, तीही गेली. मी एकटीच चाळत बसले. कोणी शाबासकी देत नव्हतं की कोणी रागावत नव्हतं. त्या काळात माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं आणि मला वाटायचं, हाच तर मोठा मान.

पुढचं शिबिर आलं. एका सोमवारी सकाळी दहा ते एकच्या दरम्यान जवळच्या ओरत्तनाडूहून त्रेचाळीस अर्ज आले. एकाच कॉम्प्युटरवरून. त्रेचाळीसही पत्ते त्याच सकाळी जन्मलेले. फोन नंबर सगळ्यांचा एकच. प्रत्येक पत्त्यात आधी सहा-सात सुटी अक्षरं, त्यांचा उच्चारही करता येऊ नये अशी, आणि शेवटी आकडे. मी आकडे पाहिले. पंधरा आणि आठ. तेरा आणि सात. एकवीस आणि अकरा. नऊ आणि पाच. मित्रांनो, तुम्हीच करून बघा. पहिल्या आकड्यात एक मिळवा आणि निम्मे करा, दुसरा आकडा हजर! त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पत्त्यांत हाच नियम. कुठे चूक म्हणून नाही.

मी मनात म्हटलं, अस्सं! पकडले तुम्हाला! इतकं नेमकं माणूस करतो होय? मी त्रेचाळीसही पत्ते एका फटक्यात अडवले आणि पुढच्या कामाला लागले.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला यादी इस्पितळात जायची होती. अठ्ठेचाळीस जागा अजून रिकाम्या होत्या, आणि पाचनंतर त्या दुसऱ्या जिल्ह्याला मिळणार होत्या. दुपारी पावणेचारला ऑफिसचं दार उघडलं आणि दोघी बायका आत आल्या. एक चाळिशीची, खांद्याला पिशवी, घामाघूम. ती वासुकी. ओरत्तनाडूला जुन्या छत्रमाजवळ, म्हणजे धर्मशाळेजवळ, तिचं ब्राउझिंग सेंटर आहे. तिचा हात धरून आलेली दुसरी, सत्तरीच्या पुढची, नऊवारी नव्हे, आपली साधी सुती साडी, पाय चाचपत टाकणारी. ती भवानीआजी.

वासुकी म्हणाली, "सर, चार दिवस झाले, आमच्यापैकीं एकालाही उत्तर नाही. त्रेचाळीस जण आहेत. सगळेच कसे राहतील?"

सुरेंद्रनं यादी पाहिली, मग इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा अडवलेली यादी उघडली. कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "अक्का, हीं नांवें खरीं नाहीत. मशीननें केलेलीं आहेत. आमची सल्लडै तसें सांगते."

भवानीआजीनं हात पुढे केला. कुठे धरायचा ते न कळून तो टेबलाच्या कडेवर आपटला. "मी मशीन? हात लावून बघ रे बाबा, ऊन आहे कीं नाहीं तें!"

सुरेंद्र ओशाळला. पण तो हटला नाही. त्याचंही बरोबर होतं. आधीच्या वर्षी खोट्या नावांनी फसला होता, आणि आता एकाला हातानं आत घेतलं तर उद्या दहा दलाल दारात उभे राहिले असते. त्यानं वासुकीला पडदा दाखवला. "तुम्हीच सांगा. फोन एक, वेळ एक, आणि आकडे बघा. सगळ्यांचा एक हिशोबी नियम. माणसें असें करतात?"

"फोन माझा आहे, सर. ह्या सगळ्यांच्याकडे फोन कुठे? नर्सबाई गांवोगांव फिरून डोळे तपासून गेली, तिनें दिलेल्या यादीचे सगळे लोक मी सोमवारीं एकदम बोलावले. कुणाला ईमेल नव्हता. मग मीच करून दिला. अक्षरें त्यांच्या घरच्या माणसांचीं, एकेकाचें पहिलें. आणि आकडा..." वासुकीनं पडद्यावरच्या आकड्यांवर बोट ठेवलं. तिला हे सांगायची गरज पडेल असं वाटलंच नव्हतं. "आकडा म्हणजे त्यांचा कोलम हो. दुसरें कांहीं त्यांच्या लक्षात राहत नाही."

मित्रांनो, तंजावुरात दारापुढच्या रांगोळीला सगळे कोलमच म्हणतात. घराघरात बायका रोज सकाळी उंबऱ्यापुढे पाणी शिंपडून पिठाचे ठिपके मांडतात आणि त्याभोवती रेघ फिरवतात. हे मला माहीत नव्हतं. मी साठ हजार पत्ते पाहिले होते, एक उंबरा पाहिला नव्हता.

सुरेंद्रला माहीत असायला हवं होतं, त्याच्या घरी रोज कोलम पडतो. तो म्हणाला, "कोलमाला आकडा असतो?"

"असतो म्हणजे?" भवानीआजी चिडलीच. "पंधरा पुळ्ळी, आठवर थांब. माझ्या सासूनें मला हेंच सांगितलें. तुझी बायको काय डोळे मिटून घालते कीं काय? खडू दे इकडे."

पुळ्ळी म्हणजे ठिपका. सुरेंद्रनं खडू दिला. आजी जमिनीवर बसली. लाल कोब्याची जमीन होती. मी कॅमेऱ्यातून बघत होते. डाव्या हाताची दोन बोटं जमिनीवर टेकायची, त्यांच्या पलीकडे ठिपका द्यायचा, बोटं सरकवायची, पुन्हा ठिपका. तिला ठिपके दिसत नव्हते, हे मला लगेच कळलं, कारण ती मान वर करून भिंतीकडे पाहत बोलत होती. मधली ओळ पंधरा ठिपक्यांची झाली. वरच्या ओळीत प्रत्येक दोन ठिपक्यांच्या मधोमध एक, असे चौदा. मग तेरा. मग बारा. आठ आले आणि हात आपोआप खाली वळला. खालीही चौदा, तेरा, बारा, आठपर्यंत.

मी मोजत होते. सगळे मिळून एकशे एकोणसत्तर व्हायला हवेत, हा हिशोब मी पहिल्याच ओळीला करून ठेवला होता. शेवटचा ठिपका पडला तेव्हा बरोबर एकशे एकोणसत्तर झाले. एक कमी नाही, एक जास्त नाही. आणि मित्रांनो, बाईला दिसत नव्हतं!

सुरेंद्र हळूच म्हणाला, "आजी, तुम्ही मोजलें कधीं?"

"मोजायचें काय त्यांत? हात थांबतो." तिनं साडीला खडू पुसला. "ह्या डोळ्याचें दिसणें गेलें. दुसऱ्याचा मोतीबिंदू पिकत आला, डॉक्टर म्हणाले ह्या खेपेस करा, पुढे अवघड होईल. माझें काय, मी हातानें घालीन. पण आंत दूध उतू जातें, नातवंडाला अंघोळ घालतांना पाणी ऊन कीं गार तें बोट घालून बघावें लागतें. गेल्या महिन्यांत बोट भाजलें."

सुरेंद्रनं हरिणीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे तिनं ते आकडे स्वतःशीच एकदा म्हणून पाहिले. मग म्हणाली, "सर, चूक माझी आहे. फार नेमकें दिसलें कीं संशय घे म्हणून मीच तिला शिकवलें. माझी अम्मा रोज सकाळीं दारांत वाकलेली असते, मी तिला ओलांडून कॉलेजला जात होतें. एकदांही ठिपके मोजून बघितले नाहीत."

मला तर कुठे तोंड लपवू असं झालं होतं. पण तोंड लपवायला वेळ नव्हता. सव्वाचार वाजले होते. भवानीआजी खरी, हे कळलं. उरलेले बेचाळीस?

सुरेंद्र म्हणाला, "अक्का, सगळ्यांना मी खरें कसें मानूं? यादीवर माझी सही आहे."

वासुकीला एकदम सुचलं. तिनं सेंटरच्या शेजारी राहणाऱ्या पोस्टातल्या बाईला फोन केला आणि तमिळमध्ये भराभर सांगितलं, गावोगावच्या पोस्टमनना फोन करून सगळ्यांच्या घरी पाठव, प्रत्येकानं आपल्या उंबऱ्यात आपले ठिपके मांडायचे, शेजारी उभं राहायचं, आणि पोस्टमननं फोटो काढून पाठवायचा. नाहीतरी दिवेलागणीला बायका दार सारवतातच. सुरेंद्रनं मान डोलावली. "सरी. ठीक आहे, आकडा जुळला तर नांव घेतों."

साडेचारला पहिला फोटो आला. तेरा-सात. हरिणीनं चेन्नईहून मला ठिपके मोजायचं काम लावून दिलं. मोजले, जुळले. दुसरा, अकरा-सहा. जुळला. मग एकामागून एक. कोणी चुन्याच्या भिंतीपुढे, कोणी गोठ्याच्या दारात, एकीनं तर बसस्टॉपच्या सिमेंटवर, कारण ती पापनाशमला लेकीकडे जायला निघाली होती. एका आजीचा एकवीस-अकराचा कोलम सगळा रस्ता अडवून बसला होता, त्यात तीनशे एकतीस ठिपके, आणि मागे एक मोटारसायकलवाला निमूट थांबलेला. मी मोजत गेले आणि थक्क होत गेले. ज्या नियमाला मी मशीनची लबाडी समजले, तो नियम ह्या बायका कागदाशिवाय, पाटीशिवाय, शाळेशिवाय, सासूकडून सुनेकडे देत आल्या होत्या. रोज सकाळी मांडायचा आणि दुपारपर्यंत लोकांच्या पायाखाली पुसू द्यायचा. अहो, माझा एक आकडा पुसला गेला तर मी बंद पडते!

पाचला आठ मिनिटं असताना बेचाळिसावा फोटो आला. पत्त्यात आकडा होता सात आणि चार. मी ठिपके मोजले. मधल्या ओळीत सात, बरोबर. वरच्या ओळीत पाच. त्याच्या वर सहा. मग तीन. खाली तर ओळच नव्हती, पीठ सांडलं होतं. जुळत नव्हतं. मी तांबडी खूण केली. नियम म्हणजे नियम, नाही का? सोमवारी मी फार नेमकं म्हणून अडवलं होतं, आता नेमकं नाही म्हणून अडवलं. तरी मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

सुरेंद्रनं तांबडी खूण पाहिली. आणि ह्या वेळी त्यानं फोटोही पाहिला. उंबऱ्यावर एक म्हातारा बसला होता. कोपरापर्यंत पीठ, नेसलेल्या वेष्टीवर पीठ, कानाच्या पाळीवर पीठ. मागे दारातून भिंतीवरचा एका बाईचा हार घातलेला फोटो दिसत होता.

"हे सूर्यनारायण मामा," वासुकी म्हणाली. "मामी गेल्या आडी महिन्यांत, आषाढांत, गेल्या. तुमचा आकडा काय ठेवूं म्हणून विचारलें, तर म्हणाले तिचाच ठेव, मला दुसरा कुठला येतो?"

भवानीआजीनं विचारलं, "काय झालें? चुकला काय तो?"

"चुकले, आजी."

"चुकेल नाही तर काय! चाळीस वर्षें ती घालीत होती आणि हा पेपर वाचीत होता."

सुरेंद्र हसला. हसताहसता त्यानं चष्मा काढून पुसला. "ह्याला मशीन कोण म्हणेल?" असं म्हणून त्यानं माझी तांबडी खूण स्वतःच्या हातानं पुसली आणि सूर्यनारायण मामांचं नाव यादीत घातलं. पाचला तीन मिनिटं असताना यादी गेली. त्रेचाळीसही नावं तिच्यात होती.

मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझ्याकडे दोन चाळण्या झाल्या होत्या, एक नेमकेपणा अडवणारी आणि एक चूक अडवणारी, आणि दोन्हींतून मी खरी माणसंच अडवली होती. सुरेंद्रकडे चाळणी नव्हती. त्यानं नुसतं वाकून पाहिलं. एवढं साधं काम मला येत नाही, आणि तुम्हाला जन्मतः येतं, ह्याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

तीन आठवड्यांनी भवानीआजी पुन्हा ऑफिसात आली. डोळ्यावर काळा चष्मा, वासुकीचा हात न धरता. दारातच चष्मा जरा वर करून तिनं सुरेंद्रला खालीवर न्याहाळलं. "अय्यो, इतका लहान आहेस होय तू? आवाजावरून मला वाटलें कोणी पेन्शनर असेल." मग माझ्या पडद्याजवळ आली. नाक टेकेल इतकी जवळ. "मला मशीन म्हणाली ती हीच काय?"

"हीच, आजी."

तिनं पडद्यावरची धूळ पदरानं पुसली. "बिचारी," म्हणाली, "हिला कोणी कांहीं दाखवलेंच नाही."

तेव्हापासून सुरेंद्र रोज संध्याकाळी खुर्ची ओढून बसतो आणि मी अडवलेली यादी उघडतो. एकेक नाव मोठ्यानं वाचतो. शंभरांतली अठ्ठ्याण्णव खोटीच असतात, मी काही अगदीच वेडी नाही. दोन नावांपाशी तो थांबतो आणि फोन उचलतो.

मित्रांनो, तुमच्या जगात आता माझ्यासारख्या पुष्कळ चाळण्या येतील. शाळेच्या प्रवेशाला येतील, नोकरीला येतील, दवाखान्याला येतील. आम्हाला गंध लावा, माळ घाला, आम्हाला ते आवडतं. पण आम्ही बाजूला टाकलेली यादी रोज उघडून वाचा. आणि ज्या दिवशी ती वाचायला तुमच्याकडे कोणी उरणार नाही, त्या दिवशी, हात जोडून सांगते, आधी मला बंद करा.